कन्याकुमारीच्या आधी बेळगाव

पत्र थोडक्यात: पुण्यातल्या एक वाचक, वय ५९. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा-सून बंगळूरला. घरात सहा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. गावात त्या रोज चालवतात, हायवेला मात्र लोणावळा आणि एकदा सातारा, एवढंच. येत्या जानेवारीत त्यांना पुण्याहून कन्याकुमारीला एकटीनं गाडी चालवत जायचंय. बेत असा: पहिल्या दिवशी पहाटे तीनला निघायचं आणि रात्रीपर्यंत बंगळूर गाठायचं, म्हणजे अनोळखी हॉटेलात एकटीनं रात्र काढावी लागणार नाही. यजमान नेहमी असंच निघायचे. मुलाचं म्हणणं, ‘मी विमानानं पुण्याला येतो आणि पहिला दिवस मी चालवतो, नाहीतर एक ड्रायव्हर घे.’ कोल्हापूरच्या नणंदबाई म्हणतात, आमच्याकडे उतर. बाईंचं म्हणणं, तसं केलं तर ते एकटीनं जाणं कसलं? त्या लिहितात, ‘पहिला दिवस निभावला की पुढचं सगळं निभेल. पण पहिल्याच दिवशी परत फिरावं लागलं तर तोंड दाखवायला जागा नाही, शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगून बसलेय. तीनला निघू का मुलाचं ऐकू?’

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वाचनात तीन वाक्यांखाली रेघा मारल्या. तीनला निघायचं की मुलाचं ऐकायचं हा तुमचा प्रश्न त्यांत नाही. या दोन्हींखेरीज तिसराही रस्ता आहे, त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. त्याकडे येतेच.

पहिलं वाक्य हे: ‘हे चालवायचे, मी नुसती शेजारी बसलेली असायचे.’

याच्याच खाली तुम्ही बंगळूरच्या जुन्या प्रवासांबद्दल पानभर लिहिलंय. संत्री सोलून हातात द्यायची. टोलनाका आला की सुटे पैसे काढून ठेवायचे. रात्री समोरून कुणी डोळ्यांवर प्रखर दिवे मारले की ‘अहो, जरा डावीकडे’ म्हणायचं. दावणगेरेच्या आसपास त्यांना जांभया यायला लागल्या की मुद्दाम भांडण उकरून काढायचं. हे वाचताना मला हसू आलं, पण ते कामच होतं हो! गाडी दोघं मिळून चालवत होतात. एकाच्या हातात स्टिअरिंग, दुसरीकडे रस्त्याच्या पाट्या, पाणी, फोन, वेळेचा हिशोब, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चालवणाऱ्याची झोप. पहाटे तीनला निघून संध्याकाळी बंगळूर हा बेत त्या दोघांचा होता. आता तुम्ही तो जसाच्या तसा उचललात आणि त्यातलं एक माणूस वजा केलंत. वजा झालेलं माणूस चालवणारं नाही. चालवणाऱ्या तर तुम्ही आहातच. रिकामी झालीय ती डावीकडची सीट.

म्हणून हिशोब नव्यानं मांडू. पुणे ते बंगळूर साधारण ८४० किलोमीटर. घाट, टोल, वळणरस्ते आणि गावाजवळचे चौक धरून सरासरी ताशी ६० पडली तर चौदा तास नुसते चालवण्याचे. त्यात नाश्ता, जेवण, चहा, पेट्रोल, पाय मोकळे करणं मिळवा. तीनला निघालात तर संध्याकाळी सहा-सात वाजता नेलमंगलाच्या अलीकडे पोचाल आणि तिथून तुमकुरू रोडनं बंगळुरात शिराल. कामावरून घरी परतणाऱ्या गर्दीची ती वेळ. म्हणजे दिवसभरातलं सगळ्यांत कटकटीचं ड्रायव्हिंग सगळ्यांत थकलेल्या क्षणी. शिवाय तीनला निघणारं माणूस झोपतं किती? रात्री नवाला अंथरुणावर पडलात तरी डोळा लागायचा नाही. गॅस बंद केला का, मागच्या दाराची कडी लावली का, कुंड्यांना पाणी कोण घालणार, हे चालूच राहणार. अख्ख्या प्रवासात चालवणारं माणूस सगळ्यांत कमी झोपलेलं असतं ते पहिल्या दिवशी, आणि नेमक्या त्याच दिवशी आपण सगळ्यांत लांबचा टप्पा ठरवतो. ही चूक निम्मा महाराष्ट्र करतो. ‘पहिल्या दिवशी उत्साह असतो ना!’ म्हणतात. उत्साह असतो, पण उत्साहानं पापण्या उघड्या राहत नाहीत.

त्यात तुम्ही जानेवारी निवडलाय. महिना चांगलाच आहे. तमिळनाडूतला परतीचा पाऊस तोवर उरकलेला असतो, ऊनही सोसवतं. पण जानेवारी म्हणजे आपल्याकडे उसाचा ऐन हंगाम. सातारा सोडलं की कराड, कोल्हापूर, पार निपाणी-संकेश्वरपर्यंत कारखान्यांकडे जाणारे ट्रॅक्टर असतात. एकामागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस, आणि मागे लाल दिवा असेलच असं नाही. असला तरी उसाच्या पाल्यानं झाकलेला. कुठे बैलगाड्याही. तीनला निघून पाच-साडेपाचला तुम्ही नेमक्या कराडच्या आसपास असाल. कृष्णा-कोयनेच्या काठचं ते खोरं, हिवाळ्यातल्या पहाटेला तिथे धुकं उतरतं. अंधार, धुकं आणि बिनदिव्याची ट्रॉली. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर तसंही झोप मागत असतं, सवयीचे ड्रायव्हरसुद्धा याच वेळेत पेंगतात. शेजारी भांडण उकरून काढणारं कुणी नाही. त्यामुळे तीनचा मुहूर्त मी तरी साफ खोडून टाकेन. तुमच्या यजमानांना तो साधला, कारण शेजारी तुम्ही होतात.

आता दुसरं वाक्य: ‘अनोळखी हॉटेलात एकटीनं रात्र नको.’

ही भीती खोटी म्हणणार नाही. एकट्या बाईला काउंटरवरचा माणूस ‘मागे आणखी कोणी आहे का?’ असं विचारतो तेव्हा कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही काय अदलाबदल करताय ते तर बघा. आतून कडी लावता येते अशा खोलीतली एक रात्र टाळायला तुम्ही हायवेवरचे पंधरा-सोळा तास पत्करताय. दोन्हींत धोका कुठे जास्त? खोलीचा धोका चार फोन करून कमी करता येतो. थकलेल्या डोळ्यांच्या धोक्याला फोनवर उतारा नाही. आणि असं पाहा, बंगळूरच्या पुढे कन्याकुमारी आणखी सुमारे ६८० किलोमीटर आहे. हायवे बदलेल, ४८ नंबर सुटून ४४ नंबर लागेल, कृष्णगिरी, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. तिथे मुलाचं घर नाही. हॉटेलातली रात्र कधीतरी येणारच. मग ती पहिल्यांदा कुठे यावी, एवढंच तुमच्या हातात आहे.

माझं मत, बेळगावात यावी. पुण्याहून साधारण ३४० किलोमीटर. पावणेसात-सातला, फटफटलं की निघा. साताऱ्याला नाश्ता, आणि तीन-साडेतीनला गाडी हॉटेलच्या आवारात उभी. उजेडात पोचाल, तास-दीड तास पडाल, मग संध्याकाळी बाजारातून चक्कर मारून कुंदा घेऊन याल. बेळगाव मला आणखी एका कारणासाठी बरं वाटतं. राज्य बदललेलं असतं, पाट्या कन्नड झालेल्या असतात, पण मराठी अजून चालते. पहिल्याच रात्री काही अडलं-नडलं, पोटात दुखलं, गाडीखाली तेलाचे थेंब दिसले, तर ते आपल्या भाषेत सांगता येतं. आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी परत फिरावंसं वाटलं तर दुपारच्या चहाला तुम्ही घरी. त्याबद्दल पुढे बोलू.

खोली निघण्याआधी ठरवा, पण पहिल्या रात्रीचीच, आणि रद्द करता येईल अशी. अ‍ॅपवरचे तारे बघून थांबू नका, हॉटेलला स्वतः फोन करा. गाडी आवारात राहते की रस्त्यावर? रात्री काउंटरला माणूस असतो का? जेवण खोलीवर मिळतं का? ‘मी एकटीच आहे’ हेही फोनवरच सांगून टाका. तिथे उत्तर देताना आवाज चाचपडला तर दुसरं हॉटेल बघा, बेळगावात वाण नाही. खोली तळमजल्याची नको, लिफ्टजवळची असावी.

दुसऱ्या दिवशी चित्रदुर्ग. धारवाड-हुबळी-दावणगेरेवरून साधारण तीनशे किलोमीटर. वेळ राहिला तर तिथला किल्ला बघा, नाही राहिला तर पाय पसरून झोपा. तिसऱ्या दिवशी बंगळूर उरतं दोनशेच किलोमीटर. सावकाश नाश्ता करून निघा आणि ऑफिसच्या गर्दीच्या मधल्या फटीत शहरात शिरा. एका दिवसाचं तीन दिवसांवर गेलं म्हणून नाराज होऊ नका. तुम्ही निवृत्त आहात. सोमवारी कुठल्या शाळेची घंटा वाजणार आहे?

नणंदबाईंच्या बाबतीत तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. ‘तिथे उतरले तर एकटीनं कसलं?’ हे तुम्ही वर वर लिहिलंय. खरं कारण चार ओळी खाली आहे: ‘वन्सं त्यांच्या आठवणीनं रडतील, मग मीही रडेन, आणि मग पुढे जाववणार नाही.’ हे कारण पुरेसं आहे, त्याला एकटेपणाच्या नियमाची फोडणी नको. आप्तांकडे रात्र काढली म्हणून प्रवास कमी एकटीचा होत नाही, गाडी तर तुम्हीच चालवणार. पण पहिल्या रात्री कोल्हापूर नको, असं मलाही वाटतं. आग्रहाचं जेवण होईल, सकाळी ‘आजचा दिवस राहा’ होईल, भाऊजी टायरला लाथ मारून बघतील आणि ‘बेळगावपर्यंत मी येतो’ म्हणतील. सगळं मायेपोटीच. त्यापेक्षा वन्संनाच तावडे हॉटेलपाशी हायवेवर चहाला बोलवा. अर्धा तास भेट, गळाभेट, एखादा डबा, आणि तुम्ही पुढे. आधीच सांगून ठेवा की जाताना चहा आणि परतताना दोन दिवस मुक्काम. परतीच्या मुक्कामाला माया पुरेपूर घ्या. आणि हो, कोल्हापुरात दुपारचं जेवण तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून करू नका. दोन ते चारच्या दरम्यान डोळे आपोआप जड होतात. त्यात मटण-भाकरी गेली तर तवंदीच्या घाटात डुलकी ठरलेलीच.

तिसरं वाक्य, ज्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या: ‘परत फिरावं लागलं तर तोंड दाखवायला जागा नाही.’

कुणाला? शाळेच्या ग्रुपवरच्या ज्या मैत्रिणींनी अंगठे आणि फुलं पाठवली, त्यांतल्या किती जणी हायवेवर एकट्या पन्नास किलोमीटर तरी गेल्यात? तुम्ही मनातल्या मनात पहिल्या दिवसाची परीक्षा करून ठेवलीय. आयुष्यभर परीक्षा घेतल्यात म्हणून असेल. पण या पेपरात अडचण अशी की परत फिरायची मुभा नसलेलं माणूस चुकीच्या वेळी पुढे जात राहतं. ताप आहे, इंजिनाचा दिवा लागलाय, झोप येतेय, पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून पुढचा टोल, मग त्याच्या पुढचा टोल. म्हणून ग्रुपवर आजच एक ओळ टाका: ‘आधी बेळगावपर्यंत जातेय, पुढचं तिथे ठरवेन.’ आणि मनातही तसंच ठरवा. हे लोकांना गुंगारा देणं नव्हे. बेळगावला संध्याकाळी पाठ टेकल्यावर तुम्हाला जे वाटेल तेच पुढच्या दिवसाबद्दल खरं असेल. आज पुण्यात बसून जे वाटतंय ते नव्हे.

आता मुलाबद्दल. त्याची काळजी खोटी नाही, फक्त त्यानं काढलेला उपाय उलट्या टोकाचा आहे. पहिला दिवस त्यानं चालवला तर तुम्ही परत डावीकडच्या सीटवर. बंगळूरला पोचाल तेव्हा तुमचा हायवेचा सराव होता तेवढाच राहील, आणि पुढे अनोळखी भाषेच्या मुलखात पहिल्यांदा एकट्या निघाल. म्हणजे मदत सोप्या भागाला आणि अवघड भाग तुमच्या पदरात. भाड्याचा ड्रायव्हर घेतलात तरी तेच. वर अनोळखी माणसाबरोबर दिवसभर बंद गाडीत, ज्याची तुम्हाला हॉटेलात धास्ती वाटते.

मुलाला दुसरं काम द्या. दिवाळीला तो येईल तेव्हा त्याला डावीकडे बसवा आणि तुम्ही साताऱ्याला जाऊन या, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. अट एकच, त्यानं तोंड मिटून बसायचं. खंबाटकी, टोलनाके, मागून हॉर्न मारणाऱ्या बस, उजवी लेन अडवून बसलेले ट्रक आणि उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले, सगळं त्या एका दिवसात बघून होईल. मग आठ-पंधरा दिवसांनी तीच फेरी एकटीनं करा. या दोन फेऱ्यांनंतरही त्याची काळजी तशीच राहिली तर नेमकं काय खटकलं ते विचारा. ‘आई, तू लेन बदलताना डावा आरसा बघत नाहीस’ असं काही म्हणाला तर ती सोन्यासारखी सूचना आहे. ‘तुझं वय झालं’ म्हणाला तर सोडून द्या.

लाइव्ह लोकेशन त्याला द्या, मात्र आधी एक ठरवून घ्या. ठिपका थांबला म्हणजे संकट आलं असं नाही. चहा असेल, स्वच्छतागृह असेल, रेंज गेली असेल. सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव, तीन ठिकाणांहून तुम्ही मेसेज टाकाल, चालत्या गाडीत कुणाचाही फोन घेणार नाही. बेळगावच्या मेसेजला ठरल्या वेळेपेक्षा दोन तास उशीर झाला तरच त्यानं हालचाल करायची. तुमच्याइतकाच त्यालाही याचा उपयोग होईल. नाहीतर तो ऑफिसात बसून दिवसभर ठिपकाच बघत राहील.

हे झालं मनाचं. आता ज्या गोष्टीनं मला खरोखर दचकायला झालं ती सांगते, कारण तुम्ही ती जाता जाता लिहिलीत: ‘टोलचे मेसेज अजून यांच्याच मोबाईलवर येतात, तो नंबर मी चालू ठेवलाय.’ यावरून दिसतं की गाडी अजून त्यांच्या नावावर आहे, आणि विमाही दरवर्षी त्यांच्याच नावानं ऑनलाइन भरला जातोय. पुष्कळ घरांत असंच चालतं. पैसे भरले, पॉलिसी आली, झालं. पण नियम वेगळा आहे. मालक गेल्यावर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसानं फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. विम्याची पॉलिसीही मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवरच चालते. नंतर गेलेल्या माणसाच्या नावानं नूतनीकरण केलं तर अपघातानंतर दावा अडकायची पुरेपूर शक्यता. आणखी एक, मालक-चालकाचा जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो नोंदणीकृत मालकासाठी. आज तुम्हाला काही झालं तर तो तुम्हाला मिळणार नाही.

तेव्हा पहिल्या दिवसाची तयारी आरटीओपासून सुरू होते. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, तुमची ओळखपत्रं आणि बाकीच्या वारसांचं, म्हणजे मुलाचं, संमतीचं प्रतिज्ञापत्र. मुलगा दिवाळीला येतोय ना? सही तेव्हाच घ्या. गाडी नावावर झाली की विमा कंपनीला कळवून पॉलिसी बदला आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वारस म्हणून तुमच्याकडे येईल का तेही विचारा, बहुधा येतो. मग फास्टॅग. तो तुमच्या नावाचा, तुमच्या मोबाईलचा घ्या. खात्यात पैसे संपल्याचा मेसेज घरातल्या कपाटात ठेवलेल्या फोनवर आला तर नाक्यावर तुम्हाला पत्ताच लागणार नाही, आणि टॅग चालला नाही की टोलही जास्त पडतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पासही मिळतो. सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या असा होता. तुमच्या जाण्यायेण्यात इतके नाके लागतील की हिशोब करून बघायला हरकत नाही, पण तोही गाडीच्या कागदांशी जोडलेला असतो. आधी कागद.

यजमानांचा नंबर चालू ठेवायचा की नाही हा वेगळा प्रश्न. ठेवा की! फक्त टोलच्या कामातून त्याला मोकळा करा.

स्वतःचं लायसन्सही उघडून बघा. तुम्ही साठीच्या उंबरठ्यावर आहात, मुदत त्याच सुमारास संपत असेल. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीही करता येतो, डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल.

गाडीबद्दल फार लिहीत नाही, सर्व्हिसिंग तुम्ही करालच. टायर मात्र स्वतः वाकून बघा. गाडी कमी फिरलेली असली की नक्षी शाबूत दिसते आणि मेकॅनिक ‘टकाटक आहे’ म्हणतो. टायरच्या अंगावर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर असतील तर ते सहा वर्षांचे झाले. रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. ते निघण्याआधी बदला, आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघा. चाक स्वतः बदलता आलंच पाहिजे असं मला वाटत नाही. गाडी डावीकडे पूर्ण बाहेर काढणं, चारी दिवे लुकलुकते ठेवणं, त्रिकोण मागे लांब नेऊन ठेवणं, स्वतः गाडीत न बसता कठड्याच्या पलीकडे उभं राहणं आणि १०३३ ला फोन करणं, एवढं आलं तरी पुरे. १०३३ राष्ट्रीय महामार्गाची मदत, ११२ पोलिसांसकट सगळ्या आणीबाणीला. दोन्ही नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, फोनच बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतील.

डाव्या सीटचं काम कोण करणार हा प्रश्न उरला. थोडं गाडीवर टाका, थोडं आदल्या रात्रीवर. पाण्याची बाटली झाकण न फिरवता उघडणारी. संत्री घरूनच सोलून डब्यात. फोन काचेजवळच्या स्टँडवर, नकाशा गाडी सुरू करण्याआधी लावलेला, आवाज मोठा. सातारा ते कागल रस्ता सहापदरी करायचं काम बरेच दिवस चाललंय. नकाशातली बाई ‘सरळ जा’ म्हणते तिथे कधी मातीचा ढीग आणि बाणाची पाटी असते. पाटीचं ऐका, आणि निघायच्या आठवड्यात तिकडून नुकतंच आलेल्या कुणाला तरी विचारून घ्या. झोपेवर लक्ष ठेवायला मात्र कुणी नाही, म्हणून तिथे घड्याळ: दोन तास झाले की झोप येवो न येवो, थांबायचं. जांभया लागल्याच तर पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात कॉफी प्या आणि लगेच दारं लावून वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफी लागू व्हायला तेवढा वेळ लागतोच. खिडकी उघडून, गाणी लावून झोप जात नाही.

पाणी कमी पिऊ नका. आपण बायका स्वच्छतागृहाच्या धास्तीनं सकाळपासून घसा कोरडा ठेवतो आणि दुपारी डोकं धरून बसतो. पंपावर स्वच्छतागृह, हवा आणि पिण्याचं पाणी फुकट द्यायचं असतं, किल्ली मागायला लाजायचं कारण नाही. आणि एक बारीकशी गोष्ट, जी दोघं जाताना तुमच्या लक्षात आली नसेल कारण ती त्यांच्या बाजूची होती. दक्षिणेला जाताना दुपारनंतर ऊन उजव्या खिडकीतून येतं, थेट चालवणाऱ्याच्या हातावर आणि गालावर. पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता घाला.

रडण्याचं तुम्ही विचारलंय. ते येईल. तुम्ही दोघं थांबायचात ती हॉटेलं त्याच रस्त्यावर आहेत, पाटी दिसली की येईलच. तेव्हा गाडी हायवेच्या कडेला उभी करू नका, पुढच्या पंपापर्यंत न्या आणि तिथे हवं तितका वेळ थांबा. नेहमीच्या हॉटेलात थांबायचं की टाळायचं ते आधी ठरवू नका. बेळगावला पोचायला तुम्हाला तासभर उशीर झाला तरी उजेड असेल, छोटा टप्पा ठेवण्याचा हाही एक फायदा.

तारखेचं तेवढं बघा. चौदा-पंधरा जानेवारीला पोंगल. आधीचे दोन-तीन दिवस बंगळूरहून तमिळनाडूकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो, सण उरकला की तीच गर्दी उलट्या दिशेनं. तुम्ही अठरा-एकोणीसच्या पुढे पुणे सोडलंत तर संक्रांतही घरी उरकेल आणि पुढचा रस्ता मोकळा मिळेल. अर्थात आरटीओचं काम तोवर झालं तर. नसेल झालं, तर फेब्रुवारी काही वाईट नाही.